तोंड भिंतीकडं करा

आरोग्यधामाचा इतिहास लिवायला आलात ना सर, मग बसा. पण त्या बाजेवर नका, तिच्यावर कालची माती वाळत घातलीय. हिकडं या, सावलीला. मी भिवराबाई. एकोणतीस वर्षं झाली, ह्या धामात मातीचं काम करते. चार फूट खालची काळी माती काढायची, वाळवायची, चाळायची, रातभर भिजू घालायची आन सकाळी पेशंटच्या पोटावर थापायची. आमच्या गावात भिंत सारवायची म्हणलं तर कुणी हात लावीना, आन हितं मोठमोठे सायेब पैसे देऊन सोताला सारवून घेतेत.

तुमच्या पुस्तकाचे कच्चे कागद डॉक्टरांनी मला वाचून दावले. पयल्या पानावर डॉक्टरांचा फोटो, दुसऱ्यावर उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्याचा, मग योग, मग उपास, मग मातीपट्टी. माझा बी फोटो हाय, डोळे झाकलेला. समदं हाय, फकस्त एनिमा न्हाई. आवो, एनिमा न्हाई म्हंजी काय? लग्नाची पत्रिका छापली आन नवरदेवाचंच नाव टाकलं न्हाई! ह्या धामात सत्तावीस वर्षं एनिमा दिला तो माझ्या धाकट्या भावानं, धोंडीरामनं. मी त्याला धोंड्याच म्हणते, कारण त्याचं नाक मी पुसलंय. त्याचं सांगते. लिवायचं तर लिवा, न्हाई तर गुमान ऐका.

पालीच्या धरणाजवळच्या ह्या माळावर डॉक्टर शिवशंकर आले तवा हितं दोन पत्र्याच्या खोल्या, एक हिर आन पाच लिंबाची झाडं व्हती. डॉक्टर गावभर सांगत फिरायचे, हितं गोळी न्हाई, सुई न्हाई, हितं माणसाला उपाशी ठेवून बरं करतेत. गाव हसून बेजार. सटवा म्हातारा पारावर बसल्या बसल्या म्हणला, "डॉक्टर, उपाशी राहून माणूस बरा व्हत आसता, तर आमच्या जिल्ह्यात कुणी आजारीच पडलं नसतं." पयल्या वर्षी पेशंट आले तीन. त्यातला एक दुसऱ्याच दिवशी माझ्या चुलीवरच्या भाकरीचा वास घेऊन कुंपणावरनं उडी मारून आला, चार भाकरी खाल्ल्या आन तसाच वाघ मागं लागल्यासारखा बीडच्या रस्त्याला लागला.

दुसऱ्या वर्षी जरा लोक याया लागले, तवा अडचण पडली एनिमाची. डॉक्टर म्हणायचे, पोट साफ तर समदं माफ. आवो पण साफ करणार कोण? तीन पोरं ठेवली, तिन्ही पळाली. एक तर एनिमाचा डबा घेऊनच पळाला. त्याच्या आयनं पुढं त्या डब्यात तुळस लावली.

धोंड्या तवा बावीस वर्षांचा, धाव्वी नापास, शेळ्या राखायचा. एक दिवस माझ्या शेळीनं ज्वारीचे दाणे खाल्ले आन पोट असं फुगलं की हात लावला तर ढोलावानी वाजायचं. धोंड्यानं तिला रस्त्याच्या कडंला कुशीवर निजवली, तेल पाजलं आन पोट चोळत, तिच्या कानापाशी कायतरी पुटपुटत अर्धा घंटा बसला. डॉक्टर स्कूटर थांबवून बघत व्हते. शेळी मोकळी झाली ती डॉक्टरच्या चपलेवर. डॉक्टरनं चप्पल बी पुसली न्हाई. म्हणले, "कामावर येतोस का?" माझ्या भावाच्या नोकरीचा इंटरव्ह्यू हा असा झाला.

पयल्याच आठवड्यात त्यानं एका पुढाऱ्याला एनिमा दिला. चार दिवसांनी तो पुढारी बीडच्या स्टँडवर चार माणसांत दिसला. धोंड्या खुळा, हात जोडून मोठ्यानं रामराम घातला. पुढाऱ्यानं अशी मान फिरवली की लचकलीच असंल. त्या दिवशी धोंड्या जेवला न्हाई. "आक्का, माणूस माझ्या पायी शरमला," म्हणला. मी म्हणलं, शरमू दे की मेल्याला, मतं मागताना शरमत न्हाई. पण धोंड्याच्या डोक्यात ते बसलं ते बसलं.

तवापसनं त्यानं आपली रीत काढली. पेशंटनं आत जायचं, डाव्या कुशीवर पडायचं, तोंड भिंतीकडं करायचं आन खोकायचं. खोकला आला की मंग धोंड्या आत जायचा. काम झालं की पेशंटनं वळायच्या आधी मागच्या दारानं बाहेर. नाव इचारायचं न्हाई, कागद बघायचा न्हाई. त्यानं कुणाचं तोंड बघितलं न्हाई, कुणी त्याचं बघितलं न्हाई. एकमेकांचे आवाज तेवढे ठाऊक. डॉक्टरांच्या कुठल्या पुस्तकात ही रीत नव्हती, पण पेशंट वाढले ते हिच्यामुळं. पुढारी, मास्तर, कीर्तनकार, समदे याया लागले. जिल्ह्यातली निम्मी पुढारी मंडळी धोंड्याच्या हाताखालून गेली, आन बाजारात एकाला बी वळखत न्हाई.

पाणी पोटात जाईस्तवर धोंड्या बोलत बसायचा. पाऊसपाणी, कापसाचा भाव, कुणाची म्हैस व्याली. माणूस सैल पडायचा. आन मंग तोच बोलाया लागायचा. दोन-चार दिसांचा उपाशी, अंगावर धड पंचा न्हाई, समोर पांढरी भिंत. तितं माणसाला खोटं सुचत न्हाई. कुणी बायकोला मारल्याचं सांगायचा, कुणी भावाचा बांध कोरल्याचं. रडायचे बी. धोंड्या नुसतं "व्हय, व्हय" करायचा.

माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, हे पंचक्रोशीला ठाऊक हाय. मी लई खोदून इचारायची. सांग की रे, काय म्हणला आजचा? धोंड्याचं एकच उत्तर. "ते त्यानं भिंतीला सांगितलंय आक्का, मला न्हाई." मुडदा! सोताच्या बायकोला बी कधी सांगितलं न्हाई. ती बिचारी वारली, ह्यातलं एक अक्षर न ऐकता, पोरगी सहा वर्षांची असताना.

ती पोरगी म्हंजी तेजश्री. मीच वाढवली. हुशार निघाली, बीडला औषधाचं शिकली आन तिथंच एका मेडिकलात लागली. पण बापाची नोकरी तिला लई जड गेली. शाळेत पोरं "नळीवाल्याची तेजी" म्हणून चिडवायची. कॉलेजात तिनं सांगितलं, वडील ऑफिसात असतेत. एकदा धोंड्या तिला डबा द्यायला गेलता, तर मैतरणीसमोर म्हणली, "हे आमच्या शेजारचे काका." धोंड्यानं घरी येऊन ते मला हसत सांगितलं. मला काय हसू आलं न्हाई. दोन दिवस मी पोरीशी बोलले न्हाई.

गेल्या साली तिला एक जागा आली. पाहुणे परळीकडचे, धर्मापुरीचे. पाहुण्यांची नावं मी बदलून सांगते बरं का, तेवढी अक्कल मला बी हाय. पोरगा रामेश्वर, परळीला ज्युनिअर कॉलेजात शिकवणारा, दिसाया चांगला, बोलाया गोड. बाप भगवानराव, बागायतदार, पुढारी, थोरल्या पोराचं लग्न झालेलं. आधी पोरगा मध्यस्थ अजिनाथसंगं येऊन बघून गेला. पसंती झाली. फोन नंबर दिले-घेतले. मंग महिनाभर तेजू गच्चीवर फोन घेऊन जायची आन खाली येताना तिच्या तोंडावर जे काय असायचं, ते बघून माझं बी काळीज भरून यायचं. पोरीला तो मनापासून आवडला व्हता.

मंग मोठ्यांची बैठक ठरली. तेजू आदल्या दिवशी माझ्यापाशी आली. "आत्या, आप्पांच्या कामाचं काय सांगायचं?" मी म्हणलं, तू बिनघोर राहा, मी हाय ना! आन मी धोंड्याला दम भरला. "तू बैठकीत जबान उघडायची न्हाई. मी बोलंन." धोंड्या म्हणला, "बरं."

पाहुणे आले. रामेश्वर, त्याची आत्या, अजिनाथ आन दोन-तीन भावकीतले. भगवानराव अजून यायचे व्हते. पुढारीच तो, येळेवर आला तर पुढारी कसला! पोहे झाले, च्या झाला. त्यांच्या आत्यानं चष्मा वर करून धोंड्याकडं बघितलं. "तुमी धामात काय करता म्हणं?"

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "योग शिकवतो!"

सत्तावीस वर्षांत ह्या माणसानं कधी पायाचा अंगठा धरला न्हाई. पण आता बोलून बसले. त्यांच्या भावकीतला एक जण खूश. "वा वा! मंग एखादं आसन दाखवा की. माझी कंबर लई धरती." समदे म्हणले, दाखवा दाखवा. धोंड्यानं माझ्याकडं असं बघितलं, की पुढच्या जन्मी आक्का नको. मंग उठला, टोपी काढून ठेवली, सतरंजीवर उताणा पडला, हात पाय सोडले आन डोळे मिटले. शवासन! एवढं एकच त्याला ठाऊक, तेबी रोज धामात पेशंट असे पडलेले दिसतेत म्हणून. भावकीतला माणूस हळूच म्हणला, "बघा, किती साधना हाय." मी पदर तोंडात कोंबून बसले.

तेवढ्यात दारात जीप थांबली आन भगवानराव आत आले. आवाज असा की रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. "काय अजिनाथ, आमचे व्याही झोपले का काय?"

समदे खो खो हसले. मी मात्र धोंड्याकडं बघत व्हते. त्याचे डोळे टक्कन उघडले. उठून बसला, टोपी घातली, आन त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं व्हतं. मला वाटलं, शवासनाची शरम वाटली.

बोलणी सुरू झाली. आत्या म्हणून इचारणं माझं कामच, मी इचारलं, "थोरल्या सूनबाई आल्या न्हाईत?"

"ती वडवणीला माहेरीच असती," भगवानराव म्हणले. "डोक्यानं जरा कमी निघाली. आमचं नशीब, दुसरं काय!"

धोंड्या खाली बघत व्हता, त्यानं मान वर केली. भगवानरावानं खिशातनं डायरी काढली. "बरं, मुलगी आमाला पसंद हाय. हुंडा नको, काय नको. साखरपुड्याची तारीख काढा."

मी हात जोडायला गेले, तेवढ्यात धोंड्या बोलला. "न्हाई. माझी पोरगी तुमच्या घरात द्यायची न्हाई."

एवढंच बोलला. पण तो आवाज ऐकला आन भगवानरावाच्या हातातली डायरी खाली पडली. तो धोंड्याकडं बघत राहिला. आवो, हा माणूस ग्रामपंचायतीच्या नळावरनं दहा गावांशी भांडलेला. पण त्यानं "कावून" म्हणून सुदिक इचारलं न्हाई. डायरी उचलली, "चला रे," म्हणला, आन समदी जीपमधी बसून गेली. रामेश्वर दारातनं तेजूकडं बघत बघत गेला.

मी काय सोडते व्हय! सात पिढ्या उद्धरल्या त्याच्या, माझ्याच पिढ्या असल्या तरी. "मुडद्या, आसलं सोन्यासारखं घर! तो तुझा पेशंट व्हता ना? शरम वाटली व्हय? पोरीचा संसार मोडला तुझ्या शरमेपायी!" धोंड्या म्हणला, "शरमेचं न्हाई आक्का." मंग कशाचं? तर च्याचे कप गोळा कराया लागला.

तेजू पडद्यामागनं बाहेर आली. रडत नव्हती, रडली आसती तर बरं झालं आसतं. "आप्पा, लोकांत तुमची लाज वाटायची, तरी मी तुम्हाला कधी बोलले न्हाई. आज तुम्ही माझं लग्न मोडलं. मला कारण सांगा." धोंड्या म्हणला, "पोरी, ते मला सांगता येत न्हाई. माझ्यावर इस्वास ठेव." तेजू म्हणली, "कशाच्या जोरावर ठेवू?" त्या दिवसापसनं ती बापाशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण शब्द न्हाई. दोन महिने. धोंड्या वाळत चालला. मी त्याला मातीपट्टी लावून देते म्हणलं, तर तो हसला बी न्हाई.

मंग एका सकाळी तेजूनं मला सांगितलं. "आत्या, सोमवारी बीडला आम्ही रजिस्टर लग्न करणार. रामेश्वर तयार हायेत. त्यांचे वडील सहा महिन्यांनी घरात घेतील, मग धर्मापुरीलाच राहायचं. आप्पांना सांगू नको."

मला म्हणती, सांगू नको! मी तडक धामात गेले. धोंड्या एनिमाचा डबा उकळत्या पाण्यानं धूत व्हता. मी समदं सांगितलं. त्यानं ऐकलं, डबा पुसला, नळी गुंडाळली आन डॉक्टरांच्या खोलीत गेला. मी मागं मागं.

"डॉक्टर, माझी नोकरी आजपसनं संपली," म्हणला.

डॉक्टर खुर्चीतनं उठले. "अरे धोंडीराम, काय झालं? पगाराचं काही आहे का?"

"न्हाई. एका पेशंटचं बोलणं मला आज बाहेर सांगायचंय."

"एकाचंच ना? सांग की. कुणाला कळणार आहे?"

"मला कळंल की. उद्या दुसरा माणूस तितं भिंतीकडं तोंड करून बोलंल, त्याला मी व्हय म्हणायचं कुठल्या तोंडानं? आधी सोडतो, मंग सांगतो."

डॉक्टरांनी लई समजावलं. मी बी समजावलं, शिव्या घालून. सत्तावीस वर्षांची नोकरी, घरी शेळ्या चार आन कोरडवाहू दोन एकर! धोंड्यानं डबा टेबलावर ठेवला, डॉक्टरांच्या पाया पडला आन घराकडं चालाया लागला. त्याची पाठ बघून मला रस्त्यात रडू आलं, खोटं कावून सांगू.

घरी तेजू कपड्यांच्या घड्या घालत व्हती. सकाळी अकराला बाप घरात, हे तिनं जल्मात बघितलं नव्हतं. धोंड्या तिच्यासमोर जमिनीवर बसला. "नोकरी सोडून आलो. आता सांगतो. ऐक."

"तीन वर्षांमागं भगवानराव धामात उपासाला व्हता. मला नाव ठाऊक नव्हतं, आवाज ठाऊक. पाचव्या दिवशी तो रडाया लागला. म्हणला, भूक काय असती ते आज कळलं रे. माझ्या थोरल्या सुनेला मी पाच दिवस कडब्याच्या खोलीत कोंडून उपाशी ठेवलं व्हतं. तिच्या पाटल्या मी इलेक्शनला मोडल्या, तिनं त्या चार माणसांत मागितल्या, म्हणून. नुसतं पाणी द्यायचो. आतनं ती दार वाजवायची. सहाव्या दिवशी तिचा भाऊ वडवणीवरनं येऊन घेऊन गेला."

तेजूच्या हातात तिचीच ओढणी व्हती, ती तशीच राहिली.

मी म्हणलं, "रडला ना पण तो? पस्तावला असंल. माणूस सुधरतो की."

"मला बी तीन वर्षं तसंच वाटत व्हतं," धोंड्या म्हणला. "पण बैठकीत तू थोरल्या सुनेचं इचारलंस, तर म्हणला, ती डोक्यानं कमी निघाली."

मंग तेजू उठली. "त्यांच्या वडिलांचं असंल. रामेश्वर तसे न्हाईत," म्हणली. "मी त्यांनाच इचारते." तिनं फोन लावला आन आमाला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकून मधी ठेवला.

"बोल गं," रामेश्वर गोड आवाजात म्हणला. "तयारी झाली का सोमवारची?"

"एक इचारायचंय. तुमच्या वहिनीला कडब्याच्या खोलीत कोंडलं व्हतं का?"

त्याच्या आवाजातला गोडवा गेला. मंग म्हणला, "हे तुला कुणी सांगितलं?"

"कोंडलं व्हतं का?"

"तेजू, ते जुनं झालं गं. आमच्या वडिलांचा स्वभाव जरा... आपलं तसं काही होणार न्हाई."

"पाच दिवस?"

"असतील."

"तवा तुम्ही कुठं व्हता? परळीला?"

"न्हाई," तो म्हणला. "सुट्ट्या होत्या. घरीच होतो."

तेजूनं बापाकडं बघितलं. मंग फोनकडं वाकून म्हणली, "मग माझ्या येळंला बी तुम्ही घरीच असाल," आन तिनं फोन बंद केला.